समाधानचं लग्न

समाधान ओव्हाळ या माणसाबद्दल पुण्यात कुणाचीही तक्रार नव्हती. आता पुण्यात असं होणं किती अवघड आहे ते पुणेकरांना सांगायला नको. कर्वेनगरच्या सोसायटीत पाण्याची मोटर तोच आठवणीने बंद करायचा, जिन्यात कुणी भेटलं की अंग चोरून आधी त्यांना जाऊ द्यायचा, आणि गणपतीच्या वर्गणीला स्वतः देव मानत नसतानाही नाही म्हणायचा नाही. आणि तो पंचवीस वर्षं एकाच माणसाबरोबर राहिला. पण या शेवटच्या गोष्टीला आमच्याकडे ‘रूम पार्टनर’ म्हणतात आणि विषय संपवतात.

तसं हे शहर सोयीचं. बाहेरगावची मुलं शिकायला येतात, खोली घेऊन राहतात, त्यामुळे दोन पुरुष एका घरात दिसले तर शेजारी एवढंच विचारतात, ‘शिक्षण चालू आहे की नोकरी?’ पुढे त्यांचे केस पांढरे झाले तरी कुणाच्या काही लक्षात येत नाही. आमच्यासारख्यांना पुण्यात कुणी दगड मारले नाहीत, उगाच खोटं कशाला बोलू? पुण्यात विचारत नाहीत, बस. त्या न विचारण्यात एक भला माणूस कसा खचत गेला ते मी जवळून पाहिलं, आणि माझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी सरोजिनी. माझी सगळी हयात जर्मन शिकवण्यात गेली. लग्न केलं नाही. का केलं नाही तेही कुणी विचारलं नाही. ‘शिक्षणापायी राहून गेलं’ असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. मला बायकाच आवडायच्या, आणि त्यातली जी सगळ्यात जास्त आवडली ती मैना नागपूरला संसार थाटून बसली. एवढं सांगून मी माझा विषय बाजूला ठेवते.

एक्क्याण्णव साली आमच्या संध्याकाळच्या जर्मन वर्गाला एकदम गर्दी झाली. नवं आर्थिक धोरण आलं होतं, परदेशी कंपन्या येणार अशी हवा होती, आणि आपलं पोर जर्मन शिकलं की थेट फ्रँकफर्टला जाणार असं पेठांतल्या आईबापांना वाटू लागलं होतं. माझ्याबरोबर आमोद मेहेंदळे शिकवायचा. घर नारायण पेठेत, नाक धारदार, बोलणं त्याहून धारदार. त्या वर्गात समाधान आला. राहायला बोपोडीला, वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, स्वतः संख्याशास्त्रात एम. एस्सी. दिवसा एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा आणि संध्याकाळी सायकल मारत आमच्याकडे यायचा.

जर्मनमध्ये एक स्वर आहे, तो मराठी जिभेला येत नाही. आमोद त्यासाठी एक युक्ती सांगायचा. ‘शिट्टी मारायला करतो तसं तोंड करा आणि ई म्हणा.’ समाधानने तोंड केलं, डोळे मिटले आणि खरोखरच खणखणीत शिट्टी मारली. सगळा वर्ग हसला. आमोद हसला नाही. तो बघतच राहिला, आणि फळ्याकडे वळून त्याने आधीच लिहिलेला शब्द पुन्हा एकदा लिहिला. मी मागच्या बाकावर पेपर तपासत होते. मला वाटतं सगळं तिथेच ठरलं.

त्या काळात आम्ही काही जण दर गुरुवारी माझ्या एरंडवण्यातल्या खोलीवर जमायचो. एक बँकेतला, एक वकिलीची परीक्षा देणारा, विद्यापीठातल्या दोन मुली, आमोद, आणि पुढे समाधान. करायचो काय, तर चहा प्यायचो आणि खरं बोलायचो. मुंबईहून पोस्टाने एखादं पत्रक यायचं ते सगळ्यांत फिरायचं. खाली घरमालकीण गोदाबाई राहायच्या. दर गुरुवारी, दिवे लागायच्या वेळेला, शांत चेहऱ्याची माणसं वर जातात म्हटल्यावर आमचं दत्ताचं मंडळ आहे अशी त्यांची पक्की समजूत झाली. पेढे वर पाठवायच्या. दत्तजयंतीला तर त्यांनी आम्हाला आरतीलाच खाली बोलावलं. आरती फक्त आमोदला येत होती आणि त्याचा गळा भयंकर. बाकीचे आम्ही टाळ्या वाजवत होतो. बाहेर पडल्यावर समाधान म्हणाला, ‘मॅडम, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बापाचा मुलगा मी. घरी कळलं तर या आरतीसाठी घराबाहेर काढतील. बाकीचं राहू द्या.’ त्या दिवशी आम्ही रस्त्यात उभं राहून पोट दुखेपर्यंत हसलो होतो.

श्याम हा आमोदचा धाकटा भाऊ. वीज मंडळात होता. माणूस सरळ, भावावर जीव. त्याचं लग्न झालं, घरात जागा अपुरी पडू लागली, आणि त्या निमित्ताने आमोदने कर्वेनगरला फ्लॅट घेतला. एकट्याला कर्ज झेपणार नाही म्हणून ‘एक विद्यार्थी पार्टनर म्हणून येतोय’ असं घरी सांगितलं. समाधान ट्रंक घेऊन राहायला आला तो आलाच. आईने शिवलेली एक गोधडी त्याच्याबरोबर होती.

ही आई म्हणजे सुंदराबाई. महिन्यातून एकदा डबा घेऊन यायच्या. डब्यात सुकटाची चटणी असायची, आणि नारायण पेठेतला आमोद ती बोटं चाटून खायचा. एकदा मी तिथे असताना त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘बाई, माझा लेक सुखात हाय. डोळ्यांनी दिसतंय मला. बाकी मला काय बी इचारू नका.’ मी काहीच विचारलं नव्हतं. त्यांना फक्त कुणाला तरी ते सांगायचं होतं.

मेहेंदळ्यांकडे मात्र सांगायचं राहून गेलं. आमोद म्हणायचा, ‘आई आहे तोवर नको. मग सांगू.’ जर्मन माणूस भविष्यकाळ फारसा वापरत नाही, वर्तमानकाळावरच भागवतो, हे आमोद वर्गात फार रंगवून शिकवायचा. घरी मात्र त्याचा सगळा कारभार भविष्यकाळात चालायचा. आई गेली. मग श्यामच्या मुलीचं, स्पृहाचं, बारावीचं वर्ष आलं. मग तिचं इंजिनिअरिंग, मग तिचं लग्न. ‘पोरीच्या सासरी उगाच चर्चा नको, समाधान. एकदा तिचं मार्गी लागलं की सांगू.’ समाधान मान हलवायचा. तो कधी भांडला नाही हे मला आजही खटकतं. मी त्याच्या जागी असते तर ताट भिरकावलं असतं.

सणावाराला समाधानला नारायण पेठेत जेवायला बोलावणं असायचं. ताट आमोदच्या शेजारी. श्याम आग्रह करकरून वाढायचा आणि आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचा, ‘हा समाधान. अगदी घरच्यासारखा आहे हो.’ या ‘सारखा’ शब्दाचा मला संताप येतो. माणसाला पंगतीत बसवून उंबऱ्याबाहेर ठेवायची सोय फक्त आमच्याच भाषेत असावी.

दिवस पालटले. समाधान मोठ्या कंपनीत लागला, हिंजवडीला. जर्मन गिऱ्हाइकांशी बोलायला माणूस हवा म्हणून आमोदलाही एका दुसऱ्या कंपनीने नेलं आणि वर्गात कधी मिळाला नसता इतका पगार दिला. आमची गुरुवारची मंडळी विरली. नव्या मुलांना जिना चढून कुणाच्या खोलीवर यायची गरज उरली नाही. आधी सायबर कॅफे आले, मग खिशातच सगळं आलं. अकरा साली पुण्यात आमच्या लोकांचा पहिला मोर्चा निघाला तेव्हा मी चालले. बऱ्याच जणांनी मुखवटे घातले होते. मला गरज नव्हती. पुण्यातली बाई तोंडाला स्कार्फ गुंडाळून दुचाकीवर हिंडते, तिला कोण ओळखणार? आमोद आणि समाधानही आले होते, पण रस्त्यावर नाही. ते फुटपाथवरून, हातात भाजीची पिशवी घेऊन, मंडईला निघाल्यासारखे मोर्च्याच्या बरोबरीने चालत होते. मी वळून पाहिलं तर समाधान रडत होता आणि आमोद त्याला पिशवीतला रुमाल शोधून देत होता.

अठरा साली सप्टेंबरात न्यायालयाचा निकाल आला. आम्ही गुन्हेगार नाही असं ठरलं. दोघं पेढे घेऊन माझ्याकडे आले. आमोद साठीला आला होता, केस विरळ झाले होते, पण त्या दिवशी वर्गातल्यासारखा टेबलावर बसून पाय हलवत होता. ‘दिवाळीच्या फराळाला श्यामला सांगतो,’ तो म्हणाला. ‘सांगू’ नाही, ‘सांगतो’. समाधानने माझ्याकडे पाहिलं. त्या माणसाचा असा चेहरा मी आधी पाहिला नव्हता.

दिवाळीला दोघं नारायण पेठेत गेले, चकल्या खाऊन परत आले. स्पृहाला दिवस गेले होते. ‘अशा वेळी घरात वादंग नको,’ आमोद म्हणाला. ‘बारसं झालं की सांगू.’

फेब्रुवारीत आमोद गेला. हिंजवडीहून कंपनीची बस परत येताना वाकडच्या पुढे वाहतुकीत अडकली होती. सगळे झोपले होते, तोही झोपलाय असं शेजारच्याला वाटलं. कंपनीने भावाला कळवलं, कारण कंपनीकडे नाव भावाचं होतं. समाधान घरी भात लावत होता. फोन श्यामचा आला. श्याम रडत रडत म्हणाला, ‘समाधान, अरे, तुझा पार्टनर गेला रे!’

त्या बिचाऱ्याने नेहमीचाच शब्द वापरला होता. पण समाधान मला म्हणाला की त्या एका क्षणी त्याला वाटलं, श्यामला सगळं माहीत आहे.

वैकुंठ स्मशानभूमीत अग्नी श्यामने दिला. समाधान चपला सांभाळायला म्हणून बाहेरच्या कट्ट्यावर बसला होता. चपला सांभाळ असं कुणी सांगितलं नव्हतं. काहीतरी काम असल्याशिवाय आपण तिथे का आहोत हे त्याला समजावता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी श्यामचा फोन आला, ‘दहाव्याला ये हं. तू घरच्यासारखाच.’

आता हे समाधानच्या बाजूने समजून घ्या. पिंडदान करायचं नाही ही प्रतिज्ञा त्याच्या घरात दोन पिढ्या पाळलेली. वडील गेले तेव्हा त्याने बुद्धवंदना घेतली होती, गोडधोड नाही, कावळा नाही, काही नाही. तरी तो ओंकारेश्वराजवळच्या घाटावर आला, पांढरा शर्ट घालून. मीही गेले. बायका घाटावर येत नाहीत असं एका म्हाताऱ्याने मला सुनावलं. मी म्हणाले, ‘मग तुम्ही बघू नका.’

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दहाव्याला पिंड ठेवतात आणि कावळा शिवायची वाट बघतात. कावळा शिवला नाही तर गेलेल्याची काही इच्छा राहिली आहे असं मानतात. मग जवळचे लोक हात जोडून एकेक वचन देत जातात, हे करू, ते करू, काळजी करू नकोस. ज्या वचनाला कावळा शिवतो ती इच्छा. कुठल्याच वचनाला आला नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात आणि घरी जातात.

वरण, भात, दही, जिलबी असं सगळं मांडलं होतं. सुकटाची चटणी नव्हती, ती त्याला आवडायची हे तिथे दोनच माणसांना माहीत होतं. कावळे कठड्यावर ओळीने बसले होते, पण एकही हलत नव्हता. श्यामने हात जोडले. ‘दादा, तुझी पुस्तकं नीट ठेवू.’ कावळे बसलेलेच. ‘दादा, स्पृहाचं बाळंतपण नीट करू.’ काही नाही. ‘दादा, कुलदैवताला जाऊन येऊ.’ एक कावळा उडाला आणि नदीपलीकडे गेला. लोक घड्याळं बघू लागले. गुरुजींनी दर्भ हातात घेतला.

समाधान माझ्या शेजारी सगळ्यांच्या मागे उभा होता. त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला आणि मला म्हणाला, ‘मॅडम, मी बोलतो.’

‘बोल,’ मी म्हणाले. ज्याला कावळाच मान्य नाही तो माणूस अठ्ठावीस वर्षांची गोष्ट कावळ्यासमोर बोलायला निघाला होता. आमोदने जे सांगायचं ठेवलं ते आता तो सांगणार होता. लोकांनी वाट दिली. तो पुढे गेला, तोंड उघडलं.

आणि श्यामने मान वळवून त्याला पाहिलं. श्यामचा चेहरा एकदम उजळला. ‘अरे, समाधान राहिलाच की!’ तो ओरडला आणि पिंडाकडे वळून त्याने हात जोडले. ‘दादा, समाधानचं लग्न लावून देऊ! त्याला एकटं ठेवणार नाही, शब्द देतो!’

कावळा खाली आला. उतरला, मान तिरकी केली आणि भाताला चोच लावली. मागून आणखी दोन आले.

‘शिवला, शिवला,’ गुरुजी म्हणाले. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. श्यामने समाधानला मिठी मारली आणि लहान मुलासारखा रडला. समाधानचं तोंड अजून उघडंच होतं. मी त्याला धरून रिक्षात बसवलं.

तुम्हाला वाटेल, घाटावर बोललेलं घाटावर राहतं. अहो, मेहेंदळे ते! मेलेल्या भावाला शब्द दिलेला. दुसऱ्या महिन्यापासून श्याम कामाला लागला. तो आडमुठा असता, समाधानला त्याने घराबाहेर काढलं असतं, तर आम्ही भांडलो तरी असतो. पण फ्लॅट दोघांच्या नावावर होता आणि श्यामच्या मनात खोट नव्हती. तो दर रविवारी फोन करायचा, ‘जेवलास का?’ आणि मग स्थळ सांगायचा. येरवड्याला बौद्ध वधू-वर मेळावा होता, तिथे हा पांढऱ्या मिशांचा मेहेंदळे सकाळपासून पहिल्या रांगेत जाऊन बसला. का, तर ‘तुझ्यातलीच बघितलेली बरी, तुला अवघडल्यासारखं नको.’ उपवराचे कोण म्हणून विचारलं तर म्हणाला, ‘थोरल्या भावासारखा.’ मला हसावं की रडावं कळेना. शेवटी मी चिडले.

मी समाधानला म्हणाले, ‘आता तरी सांग त्याला.’

तो खिडकीशी बसला होता. आमोद गेल्यापासून तो घरात दिवाही लावायचा नाही, दोन-दोनदा सांगावं लागायचं. ‘काय सांगू, मॅडम? आमोदला सांगायचंच नसेल तर?’

‘म्हणजे?’

‘कावळ्यावर माझा विश्वास नाही. आमोदवर होता. आई गेली की सांगू, बारावी झाली की सांगू, लग्न झालं की सांगू. प्रत्येक वेळी मी धरून चालायचो की याला मनापासून सांगायचंय, फक्त वेळ येत नाही. आता घाटावर मी सांगायला गेलो तर कावळा हलला नाही आणि श्यामरावांनी लग्न म्हटल्याबरोबर आला. मला कळतं हो, योगायोग आहे. मी संख्याशास्त्र शिकलोय. पण झोपताना रोज एकच वाटतं. याला मी कुणाला दिसायलाच नको होतो.’

मी शिक्षिका. मला प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायची खोड आहे. पण त्या संध्याकाळी मला आमोदचा इतका राग आला की भिंतीवरचा त्याचा फोटो मी उलटा करून ठेवला. जाताना पुन्हा सरळ केला.

श्यामने शेवटी एक स्थळ पक्कं धरलं. सत्यशीला नावाची बाई, विश्रांतवाडीकडे महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, नवरा वारलेला, मुलगा नोकरीला लागलेला. ‘एकदा भेट तरी,’ श्यामने हात जोडले. ‘वर्षश्राद्धाच्या आत झालं पाहिजे, समाधान. नाहीतर दादा अडकून राहील रे. तुझ्यामुळे अडकेल.’

हे त्याने इतक्या कळवळून सांगितलं की समाधान होय म्हणून बसला. मला नंतर म्हणाला, ‘एक क्षण वाटलं, करून टाकावं. आमोदला सगळ्यांचं मन राखायला आवडायचं. हेही त्याच्यासाठी एक.’

‘आणि त्या बाईचं काय?’ मी कडाडले.

‘म्हणूनच भेटायला जातोय. तिला फसवणार नाही.’

दोघं एका उडपी हॉटेलात भेटले. तिथे काय झालं ते समाधानने मला दोन-तीनदा सांगितलं, त्यामुळे मी तिथे असल्यासारखंच वाटतं. कॉफी यायच्या आधीच त्याने तिला सगळं सांगून टाकलं. घरात जे आयुष्यभर सांगता आलं नाही ते एका परक्या बाईला, इडलीची वाट बघताना. ती चिडेल, उठून जाईल असं त्याला वाटलं होतं. तिने पेला बाजूला सरकवला. मग म्हणाली, ‘माझे मिस्टर गेले तेव्हा महिनाभर घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पुण्यानुमोदनाला अख्खी वस्ती जेवली. नकोसं झालं होतं मला. तुमच्याकडे कोण आलं होतं?’

‘कुणी नाही,’ समाधान म्हणाला. ‘सोसायटीचा वॉचमन विचारत होता, नवीन पार्टनर ठेवणार का.’

तेव्हा ती बाई त्याच्यासाठी रडली. आमोद गेल्यानंतर समाधानसाठी रडलेली ती पहिली बाई, आणि मी तेवढंही केलं नव्हतं. मी नुसती चिडत होते. निघताना ती म्हणाली, ‘मला सांगितलंत तसंच त्यांच्या भावाला सांगा. त्यांना काय वाटायचं ते वाटू द्या. तुम्ही किती दिवस लोकांच्या चपला राखत बसणार?’

पुढच्या रविवारी आम्ही नारायण पेठेत गेलो. समाधानने मला सोबत यायला सांगितलं. श्याम आनंदाने दार उघडून उभा. त्याला वाटलं होकार आला. त्याच्या बायकोने पोहे आणले. स्पृहा बाळाला घेऊन माहेरी आली होती, ती आतल्या दारात उभी राहिली.

समाधानने बशीला हात लावला नाही. ‘श्यामराव, मी लग्न करणार नाही. माझं झालं होतं. आमोद माझा रूम पार्टनर नव्हता. नवरा-बायकोत जे असतं ते आमच्यात होतं, पहिल्यापासून. निकाल लागला तेव्हा तुम्हाला सांगायचं ठरवलं होतं त्याने. घाटावर मी हेच बोलायला पुढे आलो होतो.’

खाली गल्लीत कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. श्यामच्या बायकोने पदर तोंडाला लावला. स्पृहा म्हणाली, ‘बाबा, मला माहीत होतं. कॉलेजला होते तेव्हापासून. इट्स ओके, बाबा.’

‘मग बोलली का नाहीस?’ श्यामने विचारलं.

‘विषयच कुणी काढला नाही.’

श्याम ओरडला नाही, आदळआपट केली नाही. मी त्या सगळ्याची तयारी करून गेले होते, दोन-चार तिखट वाक्यंही ठरवून ठेवली होती. तो भिंतीवरच्या आमोदच्या फोटोकडे बघत राहिला. मग समाधानच्या गुडघ्यावर हात ठेवून अगदी हळू, खरोखरच न कळल्यासारखं त्याने विचारलं, ‘असं असेल तर त्या दिवशी कावळा कसा शिवला?’

‘भूक लागली असेल त्याला,’ मी म्हणाले.

‘ताई, थट्टा नको. माझा दादा आहे तो.’ त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो समाधानकडेच बघत होता. ‘तू तिथे होतास. तू बोलायला आला होतास, तेव्हा नाही आला. मी लग्न म्हटलं आणि आला. तूच सांग मला, समाधान. कसा शिवला?’

त्याने श्यामचा हात दोन्ही हातांत धरला.

‘मलाही तेच कळत नाही, श्यामराव,’ तो म्हणाला.